फिरते संगणक : पेटीपासून पाटीपर्यंत

आजच्या सुशिक्षित घरांत तीन-चार संगणक सहज सांपडतात. मुलीच्या टेबलावर मिटून ठेवलेला लॅपटॉप असतो, आजोबांच्या हातीं वर्तमानपत्र दाखविणारी टॅब्लेट नांवाची काळी पाटी असते, आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशांत असतोच. या तिहींत फरक कोणता, असें विचारलें तर बहुधा उत्तर येतें, ‘एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान.’ हें उत्तर खोटें नव्हे. परंतु बैल, घोडा आणि शेळी यांतील फरक विचारला असतां ‘उंचीचा’ असें उत्तर एखाद्या विद्यार्थ्यानें लिहिलें, तर मी त्याला पुरे गुण देणार नाहीं. बैल नांगराला जुंपतात, घोड्यावर बसतात आणि शेळीचें दूध काढतात, हें सांगितल्यावांचून फरक सांगितल्यासारखें होत नाहीं. संगणकांचेंहि तसेंच आहे.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. गडचांदूर व आसपासच्या गांवांतील मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. संगणकशास्त्राचा अधिकारी म्हणून बोलण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु पाटी, वही आणि दप्तर या वस्तूंशीं माझा जन्माचा संबंध. आणि गंमत अशी कीं, जगानें फिरत्या संगणकांना नांवें दिलीं तीं यांच्यावरूनच. नोटबुक म्हणजे वही, टॅब्लेट म्हणजे पाटी. लॅपटॉपला मांडीचें नांव मिळालें आहे, तर पामटॉपला तळहाताचें. या नांवांवरून हा सारा आकाराचा खेळ असावा असें वाटतें. माझें म्हणणें थोडें निराळें आहे. फिरता संगणक करणें म्हणजे प्रवासाला निघणें होय. आणि प्रवासाला निघणाऱ्याला कांहीं तरी घरीं ठेवावें लागतें. कोणत्या यंत्राच्या कर्त्यानें काय घरीं ठेवलें, हें पाहिलें म्हणजे त्या यंत्राची जात बरोबर ओळखतां येते.

टेबलावरच्या संगणकाला त्याच्या मेंदूखेरीज चार गोष्टी लागतात. दिसण्यासाठीं पडदा, लिहिण्यासाठीं कळांची फळी, लिहिलेलें जपून ठेवण्यासाठीं कोठार, आणि या सर्वांना चालविण्यासाठीं वीज. चारहि गोष्टींना वजन आहे. टेबल तें निमूटपणें सोसतें. माणसाचा खांदा सोसत नाहीं. फिरत्या संगणकाचा पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे या चार ओझ्यांशीं माणसानें घातलेला वाद आहे.

या वादाची पहिली कल्पना व्यापाऱ्याला सुचली नाहीं, ही गोष्ट मला शिक्षक या नात्यानें फार मोलाची वाटते. १९७२ मध्यें अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करणाऱ्या अ‍ॅलन के या शास्त्रज्ञानें ‘डायनाबुक’ नांवाच्या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढें, दोन किलोंहून कमी वजनाचें, आणि मुलांनीं स्वतः वापरावें असें हें यंत्र असावयाचें होतें. मुलांनीं त्यावर वाचावें, लिहावें, चित्रें काढावींत आणि स्वतःच्या कल्पना करून पाहाव्यात, हा त्याचा हेतु होता. त्या काळीं असें यंत्र करणें शक्य नव्हतें. के यानें पुठ्ठ्याचा नमुना करून समाधान मानलें. पण आज दुकानांत मांडलेल्या प्रत्येक यंत्रांत त्या पुठ्ठ्याचा अंश आहे.

प्रत्यक्षांत जें आलें तें वहीसारखें नव्हतें, ती पेटी होती. १९७५ मध्यें आयबीएम कंपनीनें ५१०० या क्रमांकाचा संगणक काढला व त्याला ‘सुवाह्य’ म्हटलें. त्याचें वजन सुमारें २५ किलो होतें. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकें ओझें ज्याला सहज वाहण्याजोगें वाटेल, असा मनुष्य आमच्या सिमेंटच्या गांवांतहि विरळाच.

त्यानंतर एप्रिल १९८१ मध्यें ऑस्बर्न-१ आला. त्याचा जनक अ‍ॅडम ऑस्बर्न याचें बालपण तामिळनाडूंत गेलें होतें, आणि २००३ मध्यें कोडाइकनाल येथेंच त्यानें शेवटचा श्वास घेतला; तेव्हां या कथेंत आपल्या देशाचाहि एक धागा आहे. त्याचा संगणक शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. मूठ धरून उचलावयाचा, विमानांत आसनाखालीं सरकवावयाचा, आणि मुक्कामीं पोंचल्यावर झांकण काढून मांडावयाचा. वजन सुमारें ११ किलो आणि किंमत १,७९५ डॉलर. ऑस्बर्ननें घरीं काय ठेवलें? एक तर डोळ्यांचें सुख. कारण पडदा अवघा पांच इंचांचा होता व एका ओळींत ५२ अक्षरें मावत. दुसरी गोष्ट म्हणजे वीज. यंत्राला स्वतःची बॅटरी नव्हती. जेथें भिंतींत वीज असेल तेथेंच तें जागें होई. म्हणजे तें एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारें यंत्र होतें. वाटेंत त्याचा उपयोग नव्हता. पुढें १९८३ च्या आरंभीं कॉम्पॅक कंपनीची अशीच पेटी बाजारांत आली. ती त्याहूनहि जड होती, पण आयबीएमच्या मेजसंगणकासाठीं लिहिलेलें काम तिच्यावर चाले. पाठीला त्रास झाला तरी चालेल, पण कचेरींतलें काम जसेंच्या तसें बरोबर आलें पाहिजे, असें म्हणणारे लोक पुष्कळ निघाले.

या पेट्या विकल्या जात असतांनाच, १९८२ च्या सुमारास, दोन अगदीं विरुद्ध वाटा फुटल्या. घड्याळें करणाऱ्या जपानी सेइको समूहांतील एप्सन कंपनीनें एचएक्स-२० नांवाचा संगणक आणला. तो मोठ्या वहीच्या पानाएवढा, वजनानें सुमारें दीड किलोचा, आणि एकदां बॅटरी भरली म्हणजे पन्नास तासांपर्यंत चालणारा होता. एवढें हलकेपण आलें कोठून? त्याच्या पडद्यावर फक्त चार ओळी मावत, आणि प्रत्येक ओळींत वीस अक्षरें. त्यानें पडदाच जवळजवळ घरीं ठेवला होता. पुढल्या वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या टीआरएस-८० मॉडेल १०० या यंत्रांत आठ ओळी आल्या. भिंतीवरच्या घड्याळाला लागतात तसले चार सेल त्याला वीस तासांपर्यंत पुरत. बातमीदारांनीं तें उचलून धरलें, कारण सामन्याच्या मैदानावर बसून बातमी लिहावी आणि तेथूनच टेलिफोनवरून ती कचेरीकडे धाडावी, एवढेंच त्यांना हवें होतें. ज्याला फक्त लिहावयाचें आहे त्याला मोठा पडदा लागत नाहीं, हें त्या यंत्रानें सिद्ध केलें.

दुसरी वाट ग्रिड कंपनीच्या कंपास या यंत्राची. बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकारानें पडदा आणि कळा यांच्यामध्यें बिजागरी घातली. पडदा कळांवर मिटला कीं दोहोंचें रक्षण होतें, आणि उघडला कीं पुस्तक उघडल्यासारखें यंत्र सिद्ध होतें. शिंपल्याच्या या रचनेंत आजहि कोणाला मोठासा बदल करतां आलेला नाहीं. अमेरिकेच्या अंतराळयानांतूनहि हें यंत्र नेण्यांत आलें. येथें घरीं राहिली ती स्वस्ताई. किंमत ८,१५० डॉलर होती. आणि एवढें करून पहिल्या कंपासला बॅटरी नव्हतीच!

तेव्हां लॅपटॉप हा शब्द आज आपण ज्या अर्थानें वापरतों, त्या अर्थाचें यंत्र सिद्ध होण्यास या दोन्ही वाटा मिळाव्या लागल्या. १९८५ मध्यें तोशिबा कंपनीचा टी-११०० आला. तो मिटणारा, बॅटरीवर चालणारा आणि चार किलोंच्या घरांतला होता. १९९१ हें वर्ष तर या इतिहासांत दोनदां अधोरेखित करावें असें आहे. त्या वर्षीं जपानच्या सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली. थोड्या वजनांत अधिक वीज सांठविणाऱ्या या बॅटरीच्या मागें ज्या तीन शास्त्रज्ञांचें काम होतें, त्यांना पुढें २०१९ मध्यें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९९१ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें पॉवरबुक काढतांना एक साधी गोष्ट केली. कळांची फळी तिनें पडद्याकडे मागें सरकविली आणि पुढें मनगटें टेकावयास जागा ठेवली. लिहिणाऱ्या मुलाचें मनगट अधांतरीं असलें तर अक्षर बिघडतें, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतें. संगणक करणाऱ्यांना तें उमगण्यास दहा वर्षें लागलीं.

मीं पहिला लॅपटॉप पाहिला तो यानंतर बऱ्याच वर्षांनीं, गडचांदूरच्या बस-थांब्यावर. आमच्या गांवाभोंवतीं सिमेंटचे मोठे कारखाने असल्यामुळें बाहेरगांवचे इंजिनियर येत-जात असतात. त्यांतलेच एक गृहस्थ बांकावर बसून मांडीवरच्या यंत्रावर कांहीं लिहीत होते. आम्ही दोघे-तिघे शिक्षक कौतुकानें पाहत उभे होतों. थोड्या वेळानें त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीं यंत्र मिटलें, उठून चहाच्या टपरीकडे गेले आणि विचारलें, ‘तुमच्याकडे प्लग आहे का हो?’ टपरीवाला म्हणाला, ‘स्टोव्ह आहे जी.’ त्या दिवशीं मला कळलें कीं, लॅपटॉपनें मेज घरीं ठेवलें आहे, पण भिंत बरोबर घेतली आहे.

आतां वहीकडून पाटीकडे जाण्यापूर्वीं मध्येंच एका धाकट्या भावंडाची ओळख करून दिली पाहिजे. तें नेटबुक होय. २००७ मध्यें तैवानच्या असूस कंपनीनें ई-पीसी नांवाचा सात इंची पडद्याचा, किलोपेक्षांहि हलका आणि स्वस्त लॅपटॉप काढला. त्यानें घरीं ठेवली ती शक्ति. कोठार चार गिगाबाइटचें, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलहूनहि लहान. लोकांनीं आधीं तो हौसेनें घेतला. पुढें कळा बोटांना अपुऱ्या व काम संथ म्हणून कंटाळले. आणि पांच-सहा वर्षांत ही जात जवळजवळ नाहींशी झाली. तिचा संथपणा काढून टाकून तिचें हलकेपण मोठ्या किंमतीस विकण्याची जी युक्ति निघाली, तिला २०११ पासून ‘अल्ट्राबुक’ हें नांव मिळालें. त्याच वर्षीं क्रोमबुकहि आलें. त्यानें घरींच काय, पण परक्याच्या घरीं आपलें कोठार ठेवलें. लिहिलेलें सारें दूरच्या यंत्रांत जमा होतें; जवळ उरतो तो पडदा आणि कळा. इंटरनेट असेल तेथें तें उत्तम चालतें. नसेल तेथें त्याचें अर्धें बळ गेलेलें असतें.

याच २००७ सालीं अ‍ॅलन केच्या पुठ्ठ्याच्या स्वप्नाचा एक अंश महाराष्ट्रांत उतरला. ‘प्रत्येक मुलामागें एक लॅपटॉप’ या नांवाची चळवळ निकोलस निग्रोपॉन्टी यांनीं अमेरिकेंत सुरू केली होती. तिचा भारतांतील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यांतील खैराट या गांवच्या लहानशा एकशिक्षकी शाळेंत झाला. मुलांना दिलेलें एक्सओ नांवाचें यंत्र मला आजहि सर्व फिरत्या संगणकांत अधिक विचारपूर्वक केलेलें वाटतें. त्याच्या कळांवर रबराचा अखंड पापुद्रा होता, म्हणजे धूळ व पाणी आंत जाऊं नये. पडदा दोन तऱ्हांनीं चाले. सावलींत रंगीत दिसे, आणि भर उन्हांत रंग सोडून कृष्णधवल, पण स्पष्ट. तो फिरवून उलटा मिटला म्हणजे वहीची पाटी होई. वजन दीड किलो, वीज अगदीं थोडी. ज्यानें तें केलें त्यानें झाडाखालीं भरणारी शाळा डोळ्यांपुढें ठेविली होती. शंभर डॉलरांत यंत्र देण्याचा संकल्प मात्र सिद्धीस गेला नाहीं; किंमत जवळजवळ दुप्पट पडली. शिवाय यंत्राबरोबर मास्तरालाहि कांहीं शिकवावें लागतें, हा खर्च त्या शंभर डॉलरांत कोणीं धरलाच नव्हता.

पाटीचा वंश निराळा. त्यानें घरीं ठेवलेली वस्तु म्हणजे कळा. १९९३ मध्यें अ‍ॅपलनें न्यूटन नांवाची पाटी काढली. तिच्यावर टांकानें लिहावें आणि तिनें हस्ताक्षर वाचावें, असा बेत होता. पण माणसांचीं हस्ताक्षरें वाचणें किती कठीण असतें, हें उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना विचारावें! १९९६ च्या पाम पायलटनें शहाणपणा केला. त्यानें माणसालाच ठराविक वळणाचीं अक्षरें गिरविण्यास शिकविलें, आणि तळहाताएवढें तें यंत्र पत्ते व भेटींच्या वेळा टिपण्यास लोकप्रिय झालें. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक आणि कांहीं अभियंते यांनीं एकत्र येऊन ‘सिंप्युटर’ निर्माण केला. तो २००४ मध्यें विक्रीस आला. एक यंत्र साऱ्या गांवानें वांटून घ्यावें आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या त्याच्या लहानशा कार्डांत राहावी, ही त्यामागची कल्पना होती. त्यानें मालकी घरीं ठेवली, असें म्हणतां येईल. धंदा म्हणून तो चालला नाहीं. पण गरीब देशाची अडचण ओळखून केलेलें हें यंत्र होतें, म्हणून त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं.

तळहातावरच्या या जातीचें एक भावंड आपण रोज पाहतों, पण त्याला संगणक म्हणून ओळखत नाहीं. एसटीच्या कंडक्टरच्या हातांतलें तिकिटाचें यंत्र तें होय. पूर्वीं त्याला एकच काम, थोड्या कळा आणि चिमुकला पडदा असे. बाकी सारें घरीं. मात्र एक वस्तु त्यानें जपून बरोबर घेतली आहे, ती म्हणजे कागदाची गुंडाळी. उतारूच्या हातांत कांहीं तरी राहिलें पाहिजे, हें त्या यंत्राच्या कर्त्याला कळलें होतें. या गोष्टीकडे मी पुन्हां येईन.

२०१० मध्यें आयपॅड आला आणि पाटी घरोघरीं पोंचली. येथें बोटाच्या स्पर्शाचें मर्म दोन वाक्यांत सांगतों. जुन्या स्वस्त पाट्यांवर दोन पातळ पापुद्रे असत. नखानें किंवा काडीनें दाबलें कीं ते एकमेकांस टेकत आणि जागा कळे. नव्या पाट्यांच्या कांचेवर सूक्ष्म विद्युत्भार असतो. बोट विद्युत्वाहक असल्यामुळें तो किंचित् ओढून घेतें, म्हणून नुसता स्पर्श पुरतो, पण कोरडी काडी चालत नाहीं. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीस मोठ्या समारंभानें प्रकट झालेल्या ‘आकाश’ या सरकारी पाटीचा पडदा पहिल्या प्रकारचा होता. सुमारें सवादोन हजार रुपयांत विद्यार्थ्याला संगणक, ही घोषणा ऐकून आम्हां शिक्षकांना आनंद झाला होता. पण त्या किंमतींत चपळपणा आणि बॅटरीचें आयुष्य हीं दोन्ही घरीं राहिलीं. दुसऱ्या आवृत्तीचें काम मुंबईच्या आयआयटीकडे आलें आणि २०१२ मध्यें सुधारलेली पाटी निघाली. तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं ती पोंचली नाहीं.

पाटीनें कळा टाकल्या, ही हानि झाली असें वाटेल. आपल्या भाषेच्या दृष्टीनें मात्र त्यांत एक लाभ झाला. लॅपटॉपच्या कळांवर रोमन अक्षरें कोरलेलीं असतात. देवनागरीसाठीं इनस्क्रिप्ट नांवाची सुंदर रचना १९८० नंतरच्या दशकांतच सिद्ध झाली होती. तिच्यांत स्वर डाव्या हातीं व व्यंजनें उजव्या हातीं येतात. आपल्या लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांना १९९१ मध्यें भारतीय मानकाचा दर्जाहि मिळाला. परंतु कळांवर जें छापलेलें नाहीं तें शिकण्याचे कष्ट थोडेच घेतात. त्यामुळें मराठी माणूस लॅपटॉपवर बसला कीं इंग्रजींत लिहूं लागे. पाटीवर कळा कोरलेल्या नसतात, चितारलेल्या असतात. क, ख, ग हवें तेव्हां पडद्यावर उमटतात. आमच्या गांवांतील ज्या बायकांनीं संगणकाला कधीं हात लावला नव्हता, त्या आज मोबाइलवर मराठींत मजकूर लिहितात.

आतां माझा स्वतःचा एक अनुभव सांगून विषय पुरा करतों. २०११ मध्यें देशांत सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणना सुरू झाली. ती कागदावर नव्हे, तर पाटीसारख्या लहान संगणकावर करावयाची होती. आमच्या भागाची पाळी आली तेव्हां मी प्रगणक होतों आणि यंत्र चालविण्यास एक तरुण मुलगा बरोबर होता. जिवती तालुक्याच्या डोंगरांतील एका गुड्यावर आम्ही गेलों. कोलाम आणि गोंड यांचीं घरें, वीज नाहीं. आदल्या रात्रीं यंत्र पूर्ण भरून घेण्याचें आमच्याकडून राहून गेलें होतें. दुपारीं पडदा काळा झाला. मी अनुभवी माणूस. दप्तरांतून वही काढली आणि उरलेल्या घरांची माहिती पेन्सिलीनें टिपून घेतली. मनांतून मला थोडा अभिमानहि वाटला. वहीला प्लग लागत नाहीं, असें मीं त्या मुलाला ऐकविलें.

दुसऱ्या दिवशीं गडचांदुरास बसून तो मुलगा माझ्या वहीवरून यंत्रांत भरूं लागला आणि एका घराशीं अडला. ‘गुरुजी, जमात कोणती?’ मीं लिहिलें होतें, ‘आदिवासी.’ यंत्रांतला नमुना तेवढ्यावर पुढें सरकेना. त्याला नेमकी जमात हवी होती. आणि त्या प्रश्नामागें केवढें कारण होतें! कोलाम ही आदिम जमात गणली जाते, आणि आदिम जमातीचें घर आपोआप वंचितांच्या यादींत धरावें, असा त्या गणनेचा नियम होता. माझ्या एका ढोबळ शब्दानें तें घर सरळ यादींत जाण्याऐवजीं छप्पर, भिंती आणि जमीन यांच्या हिशेबांत अडकलें असतें. पुढें २०१६ ची ग्रामीण घरकुल योजना आणि २०१८ ची आरोग्य-विम्याची योजना, या दोन्हींतील कुटुंबें याच गणनेवरून ठरलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या एका रकान्याचें मोल कळेल.

मी पुन्हां डोंगर चढलों. घर एका म्हाताऱ्या बाईचें होतें. ती कोलाम आहे हें तिनें सांगितलें. तें तिनें कालहि सांगितलें असतें, पण मीं विचारलें नव्हतें. मीं यंत्रांत भरून घेतलें. ती पडद्याकडे पाहत म्हणाली, ‘माहं नाव त्या पाटीत गेलं का जी?’ मीं म्हटलें, गेलें. ती म्हणाली, ‘मंग मले काहीतरी कागद दे.’ आम्हीं तिला पोंच दिली, तेव्हां कोठें ती उठली. कांहीं महिन्यांनीं कच्ची यादी ग्रामपंचायतींत लागली. ती कागदावर होती. मीं बोट ठेवून तिचें नांव वाचलें, आणि जमातीचा रकाना दोनदां वाचला.

त्या दिवसापासून वही श्रेष्ठ कीं यंत्र श्रेष्ठ, असा वाद मी घालीत नाहीं. वहीनें वीज घरीं ठेवली होती, पण प्रश्न विचारण्याची शिस्तहि घरीं ठेवली होती. यंत्रानें ती शिस्त बरोबर आणली, पण म्हातारीच्या हातांत राहील असा कागद त्याच्यापाशीं नव्हता. २०२७ ची जनगणना मोबाइलवरून करण्याचें सरकारनें जाहीर केलें आहे. त्या कामावर जाणाऱ्या माझ्या तरुण बंधुभगिनींना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, बॅटरी रात्रींच भरा, आणि वहींत लिहिण्याची वेळ आली तर यंत्र जें विचारतें तें सारें विचारून लिहा.

शहरांतील पालकांसाठींहि एक शब्द. २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या आणि मुलांच्या हातीं मोबाइल आला. त्या दिवसांत मुलें काय करीत होतीं, तें आठवून पाहा. धडा मोबाइलवर ऐकावयाचा, उत्तर मात्र वहींत लिहावयाचें, आणि त्या पानाचें छायाचित्र काढून गुरुजींकडे धाडावयाचें. मोबाइल हें घेण्याचें यंत्र आहे, सलग पानभर लिहिण्याचें नव्हे, हें कोणीं शिकविल्यावांचून मुलांना कळलें आणि त्यांनीं आपल्या वहीनें त्याची उणीव भरून काढली. म्हणून मुलासाठीं यंत्र घेतांना दुकानदाराला आधीं वजन आणि इंच विचारूं नका. मूल यावर वाचणार आहे कीं लिहिणार आहे, तें आधीं ठरवा. वाचणें, पाहणें आणि ऐकणें एवढेंच असेल तर पाटी पुरते. निबंध, हिशेब किंवा संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकावयाची असेल, तर कळा असलेली वहीच घ्यावी, मग ती थोडी जड असली तरी चालेल. रोज प्रवास असेल तर बॅटरी आधीं पाहावी. गांवीं इंटरनेट तुटक असेल तर ज्याचें कोठार त्याच्याच पोटांत आहे असें यंत्र घ्यावें. आणि यंत्र हलकें लागलें तर संतोष मानण्यापूर्वीं एकदां विचारावें, ‘याचें काय घरीं राहिलें आहे?’ उत्तर मिळालें कीं जात कळली.

गडचांदूरच्या बस-थांब्यावर आतां प्लग आला आहे. चहाची टपरी अजून आहे, आणि स्टोव्हहि आहे.